आरमाराचा पैसा आणि कारागिराची विद्या

१/
ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्याचे एक बाजारगाव. अरबी समुद्र असो वा बंगालचा उपसागर, दोन्ही येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही येथे पडणारा पाऊस अखेर समुद्रालाच मिळतो. ओढ्यानाल्यांतून तो पैनगंगेत उतरतो, पैनगंगेतून वर्धेत, पुढे वर्धा-वैनगंगेच्या संगमानंतर प्राणहितेत आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत. त्या गोदावरीचे नाव घेतलेली युद्धनौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि १० डिसेंबर १९८३ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली.

२/
युद्धनौका राज्याची असते. परंतु ती बांधण्याची विद्या पुष्कळदा राज्याकडे नसते. ती कुठल्या तरी सुताराच्या हातात असते, लोहाराच्या भट्टीत असते, आजच्या काळात पाच-दहा अभियंत्यांच्या एखाद्या लहानशा कंपनीत असते. मग ती विद्या सिद्ध होण्याआधी, म्हणजे फसण्याची शक्यता पुरती जिवंत असताना, खर्च कोणी सोसायचा? महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या प्रश्नाला साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत.

३/
आरंभ कल्याणच्या खाडीपासून. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि स्वराज्याला समुद्राचे दार उघडले. दंडा-राजपुरीच्या सिद्दीला आवर घालायचा तर जहाजे हवीत. जहाजे हवीत तर बांधणारे हवेत. मोठ्या धाटणीची लढाऊ जहाजे बांधण्याचा सराव त्या काळी वसई-मुंबईच्या पोर्तुगीज मुलखातील कारागिरांना होता. महाराजांनी त्यांनाच चाकरीस घेतले. रुय लैतांव व्हिएगस हा त्यांचा प्रमुख. सिद्दीविरुद्ध वापरायच्या २० जहाजांचे काम कल्याण-भिवंडी परिसरात सुरू झाले. पोर्तुगीज कागद या जहाजांना ‘सांगिसेल’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘संगमेश्वरी’ या नावेवरूनच आला असावा, असे अभ्यासक मानतात.

४/
हे आरमार उद्या आपल्यावरच उलटेल, हे पोर्तुगीजांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. १६५९ मध्ये वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने व्हिएगसचे मन वळवले. तो, त्याचा मुलगा आणि त्यांच्या हाताखालची तीनशेहून अधिक माणसे काम अर्धवट टाकून पोर्तुगीज मुलखात निघून गेली.

५/
येथे क्षणभर थांबावे. राज्याने पैसा दिला होता, लाकूड दिले होते, जागा दिली होती. माणसे गेली आणि त्यांच्यासोबत त्यांच्या हातातील कसबही गेले. संरक्षण-संशोधनाच्या इतिहासात ही घटना पुन्हा पुन्हा घडते. फक्त खाडीच्या जागी करारपत्र येते आणि पळून जाणाऱ्या कारागिराच्या जागी परदेशी पुरवठादार.

६/
तरी काम थांबले नाही. कोळी, भंडारी आणि किनाऱ्यावरील सुतार यांच्या बळावर गुराबा, गलबते, तरांडी, मचवे पाण्यात उतरत राहिले. वीस वर्षांनी, १६७९ मध्ये, महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर तट बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांनी तोफांची जहाजे आणून वेढा दिला. ऑक्टोबरमधील चकमकीत त्यांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या हलक्या, उथळ पाण्यातून वल्ह्यांनी निसटणाऱ्या नावा बेटाला रसद पोहोचवीत राहिल्या. १६८० च्या आरंभी इंग्रज मागे फिरले. मोठे जहाज बांधता येत नाही म्हणून रडत न बसता, आपल्या खाडीला आणि आपल्या वाऱ्याला जुळेल असे लहान जहाज सुधारत नेणे, हेही एक संशोधनच होते. त्याची टिपणे कोणी ठेवली नाहीत एवढेच.

७/
पैशाचे काय? याचे उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील या राजनीतिग्रंथात आरमाराला स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून कायम नेमून द्यावा, बंदराच्या मिळकतीवर तो सोडू नये, असा त्यातील सल्ला. कारणही दिले आहे. आरमाराला आपला खर्च आपणच भागवायला लावले तर ते सावकारांना छळेल, व्यापार मोडेल आणि बंदरे ओस पडतील.

८/
याच प्रकरणात लाकडाचाही विचार आहे. साग वगैरे उपयोगी झाडे हुजुराची परवानगी घेऊन तोडावीत. आंबा-फणस मात्र तोडू नयेत, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. जहाजाच्या डोलकाठीचा विचार करताना परड्यातल्या फणसाची आठवण ठेवणारे सरकारी कागद जगाच्या इतिहासात फार नसावेत.

९/
आता मुंबई. १७३६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या सुताराला मुंबईत आणले. पुढे सुमारे दीडशे वर्षे मुंबई गोदीचे मुख्य बांधणीकार याच घराण्यातून आले. मलबारच्या सागापासून त्यांनी बांधलेली जहाजे इंग्लंडच्या ओक लाकडाच्या जहाजांहून टिकाऊ ठरली. १८१७ मध्ये मुंबईत जलावतरण झालेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरात आजही तरंगते आहे. ही कारागिरी शिखरावर होती आणि नेमक्या त्याच वेळी समुद्रावर धूर दिसू लागला.

१०/
वाफ आली. ‘ह्यू लिंडसे’ ही मुंबईत बांधलेली पहिली मोठी आगबोट १८२९ मध्ये पाण्यात उतरली. बांधणी नवरोजी जमशेटजी वाडियांची, इंजिने लंडनच्या मॉडस्ले कारखान्याची, ८० अश्वशक्तीची दोन. मुंबई ते सुएझ टपाल आगबोटीने नेता येते का, हा प्रयोग होता. २० मार्च १८३० रोजी कप्तान जॉन विल्सन निघाले. जहाजाची कोठारे साधारण पाच-साडेपाच दिवसांच्या कोळशाची, आणि एडनचा प्रवास त्याच्या दुप्पट. म्हणून जिथे जागा मिळेल तिथे कोळसा भरला. खोल्यासुद्धा सोडल्या नाहीत. बोट इतकी जड झाली की ती जेमतेम पाण्यावर होती. अकराव्या दिवशी एडन गाठले तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा शिल्लक होता! २२ एप्रिलला बोट सुएझला पोहोचली.

११/
प्रयोग यशस्वी झाला होता. लंडनहून शाबासकी मात्र आली नाही, आली ती नापसंती. खर्च फार, असे कंपनीच्या संचालकांचे म्हणणे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम आणि त्यांच्यानंतरचे अधिकारी आगबोटीच्या बाजूचे; लंडनचे हिशेबनीस विरोधात. जो प्रयोगाच्या जागी उभा असतो त्याला यश दिसते आणि जो वहीसमोर बसतो त्याला खर्च दिसतो. दहा वर्षांत सुएझमार्गे आगबोटींचा रस्ता रूढ झाला, हे त्या वहीत नंतर कोणी नोंदवले की नाही कोण जाणे.

१२/
या कथेतील खरा नायक मात्र दुसरा. अर्देशीर खरशेटजी वाडिया, जन्म १८०८. चौदाव्या वर्षी गोदीत वडिलांच्या हाताखाली उमेदवारी सुरू झाली. घराण्याची विद्या लाकडाची, पण या मुलाचे मन लोखंड आणि वाफ यांकडे ओढले गेले.

१३/
त्यांनी माझगावच्या राहत्या घरी एक लहान ओतशाळा उभारली आणि तेथे जहाजांसाठी लोखंडी टाक्या घडवल्या. एक अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन स्वतः बनवून विहिरीचे पाणी उपसले. मग १८३३ मध्ये सुमारे ६० टनांची ‘इंडस’ ही नाव बांधली आणि इंग्लंडहून मागवलेले १० अश्वशक्तीचे इंजिन तिच्यात बसवले. वय होते पंचवीस. दुसऱ्या वर्षी त्यांनी घर आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. ते पाहायला खुद्द गव्हर्नर लॉर्ड क्लेअर आले आणि त्यांनी मानाचा पोशाख दिला.

१४/
पोशाख मिळाला, संशोधनाला अनुदान नव्हे. कारण सरकारला या पंचविशीतल्या माणसाकडून त्या वेळी काही विकत घ्यायचे नव्हते. घरची मिळकत, घरचे नाव आणि गोदीतला अनुभव ही त्यांची भांडवले होती. हे तिन्ही ज्याच्याकडे नव्हते अशा एखाद्या कामाठीपुऱ्यातल्या किंवा अलिबागेतल्या लोहाराच्या मुलाला वाफेचे इंजिन बनवून पाहण्याची संधी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. इतिहासात अर्देशीर दिसतात. असे न दिसणारे किती, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

१५/
१८३९ मध्ये अर्देशीर इजिप्तच्या वाटेने इंग्लंडला गेले. या प्रवासाची रोजनिशी १८४० मध्ये लंडनला छापली गेली. कारखाने, गोद्या, इंजिनांचे आराखडे त्यांनी डोळ्यांखालून घातले. २७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे नाव यायला ७७ वर्षे जावी लागली. ते नाव श्रीनिवास रामानुजन.

१६/
इंग्लंडमध्येच कंपनीने त्यांची मुंबईच्या आगबोट कारखान्याचे मुख्य अभियंता आणि यंत्रनिरीक्षक म्हणून नेमणूक केली; दरमहा ६०० रुपये. कारखान्यात गोरे फोरमन होते, गोरे इंजिनिअर होते, आणि त्या सर्वांच्या वर एक ‘नेटिव्ह’. मुंबईतील इंग्रजी वृत्तपत्रसृष्टीत यावर आक्षेपाचे सूर उमटले. अर्देशीर कामाला लागले. १८४९ च्या सुमारास अमेरिकेपर्यंत जाऊन त्यांनी लाकूडकामाची यंत्रे पाहिली. १८५१ मध्ये ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात उतरवली. शिवणयंत्र, छायाचित्रण, विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा देणे अशा नव्या गोष्टी मुंबईला दाखवण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते.

१७/
तथापि एका माणसाला वरच्या खुर्चीत बसवणे निराळे आणि एका शहराला वाफेची विद्या आत्मसात करू देणे निराळे. कंपनीला मुंबईत इंजिनांची दुरुस्ती हवी होती. इंजिन मुंबईने स्वतः घडवावे, ही तिची गरज नव्हती. इंजिने क्लाइड आणि थेम्सच्या काठीच बनत राहिली. पुढे लोखंडी, मग पोलादी जहाजे आली. १८६३ मध्ये मुंबईचे जुने ‘इंडियन नेव्ही’ हे दलच बरखास्त झाले, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. ज्या गोदीने ७४ तोफांच्या युद्धनौका बांधल्या ती हळूहळू दुरुस्तीची गोदी बनली. अर्देशीर १८७७ मध्ये इंग्लंडमधील रिचमंड येथे वारले. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने १९६९ मध्ये त्यांचे तिकीट काढले.

१८/
स्वातंत्र्यानंतर धागा पुन्हा मुंबईतच उचलला गेला. १९५३ मध्ये नौदल गोदीत रसायने आणि धातूंची एक लहान प्रयोगशाळा निघाली. खारे पाणी पोलाद खाते, शिंपले नौकेच्या तळाला चिकटतात, रबराची सील फुटते. असले न चमकणारे प्रश्न तिच्या वाट्याला आले. आज हीच अंबरनाथची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा. पाणबुडीला वर न येता अधिक काळ पाण्याखाली राहता यावे म्हणून तिने फॉस्फरिक आम्लाच्या इंधनघटावर आधारलेली प्रणाली विकसित केली आणि मार्च २०२१ मध्ये तिच्या जमिनीवरील नमुन्याची दीर्घ चाचणी पार पडली. पुण्याची थरमॅक्स ही यातील एक औद्योगिक भागीदार.

१९/
सरकारी प्रयोगशाळा आणि मोठी कंपनी असे जोडपे जुळले. लहान कारखान्याचे काय? त्याला बहुधा आराखडा मिळत असे, सुटा भाग घडवण्याचे काम मिळत असे, आणि बिलाची वाट पाहण्याचा अनुभव मिळत असे. विचार करण्याचा खर्च त्याला कोणी देत नव्हते.

२०/
याच प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेत शोधले गेले होते. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानातील रोलंड टिबेट्स यांनी १९७७ मध्ये लहान उद्योगांना टप्प्याटप्प्याने संशोधनाचा पैसा देणारी योजना सुरू केली. २२ जुलै १९८२ रोजी तिचा कायदा झाला. संशोधनावर दरसाल १० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाहेर वाटणाऱ्या प्रत्येक केंद्रीय खात्याने त्यातील ठरावीक हिस्सा लहान उद्योगांसाठी राखून ठेवायचा. आरंभी हा हिस्सा ०.२ टक्के होता, पुढे तो ३.२ टक्क्यांवर गेला. अमेरिकी नौदलही यात आले.

२१/
योजनेची रचना समजून घेण्यासारखी आहे. पहिल्या टप्प्यात थोडा पैसा, फक्त कल्पना शक्य आहे का हे पाहण्यासाठी. दुसऱ्यात अधिक पैसा, नमुना बनवण्यासाठी. तिसऱ्या टप्प्यात या योजनेचा पैसा मिळतच नाही. तेथे कोणीतरी खरोखर माल विकत घ्यावा लागतो. पहिल्या टप्प्यात बहुतेकांनी गळावे, हे गृहीतच आहे. अपयश स्वस्त असतानाच ते येऊन जावे, असा हा हिशेब. शिवाय निर्माण झालेल्या तांत्रिक माहितीवर ठरावीक काळ लहान कंपनीचा हक्क राखला जातो. व्हिएगसच्या उलट बाजूचा हा प्रश्न: तिकडे कारागीर विद्या घेऊन पळाला, इकडे राज्याने कारागिराची विद्या काढून दुसऱ्याला देऊ नये.

२२/
भारतात संरक्षणक्षेत्रासाठी या धर्तीची योजना येण्यास २०१८ साल उजाडले. १२ एप्रिल २०१८ रोजी चेन्नईजवळच्या संरक्षण प्रदर्शनात ‘आयडेक्स’चे उद्घाटन झाले. सैन्यदलांनी आपली अडचण आव्हान म्हणून जाहीर करायची, नवउद्योगांनी आणि लघुउद्योगांनी उत्तर मांडायचे. निवड झाल्यास नमुन्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान, मात्र तेवढाच वाटा उद्योगाने स्वतःही घालायचा. पुढे ‘आयडेक्स प्राइम’मध्ये ही मर्यादा १० कोटींवर गेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये नौदलाने नवोपक्रम आणि स्वदेशीकरणासाठी स्वतंत्र संस्था स्थापली आणि १८ जुलै २०२२ रोजी ७५ नव्या स्वदेशी तंत्रज्ञानांचे ‘स्प्रिंट’ आव्हान दिल्लीत जाहीर झाले.

२३/
त्या दिवशी पंतप्रधानांसमोर माणसाला घेऊन उडणारे ‘वरुण’ हे ड्रोन दाखवण्यात आले. ते बनवणारी सागर डिफेन्स इंजिनिअरिंग ही पुण्याची कंपनी, स्थापना २०१५. संस्थापकांपैकी निकुंज पराशर हे व्यापारी जहाजांवरील कप्तान. समुद्रावर काय बिघडते हे त्यांना कार्यालयात बसून कल्पावे लागले नाही. जानेवारी २०२३ मध्ये याच कंपनीशी संरक्षण मंत्रालयाने स्प्रिंटमधील ५०वा करार केला. विषय होता शस्त्रसज्ज, चालकविरहित, थव्याने हालचाल करणाऱ्या नौका.

२४/
थव्याने जाणाऱ्या लहान नौका म्हटल्यावर खांदेरी आठवावी. मोठ्या जहाजाला एकाच वेळी दहा बाजूंनी लहान नावांनी भिडायचे, हा डाव कोकणच्या दर्यावर्दींना नवा नाही. नवीन आहे ते एवढेच की आता नावेत तांडेल नाही. लाट, वारा, समोरून येणारी मच्छीमार नौका, तिचे पसरलेले जाळे, हे सारे यंत्राने ओळखून सुकाणू वळवायचे आहे. अरबी समुद्रात दिवा नसलेली होडी रात्री ओळखणे अनुभवी तांडेलालाही जड जाते.

२५/
आणि येथेच ढाणकी फार दूर राहत नाही. विदर्भातील कुठल्याही बाजारगावी विहिरीतल्या पाणबुडी मोटारी भरून देणारे दुकान असते. पाण्यात बुडालेली मोटार, शाफ्टभोवती पाणी न शिरू देणारे सील, क्षारांनी खाल्लेले धातू, आखूड जागेत बसवलेली तांब्याची तार: पाण्याखालच्या यंत्रमाशाचे निम्मे प्रश्न हेच आहेत. समुद्रात त्याला मीठ आणि दाब येऊन मिळतात. अशा दुकानातल्या एखाद्या हुशार हाताला आव्हानाची जाहिरात कळते का, इंग्रजीतला अर्ज भरता येतो का, आणि अनुदानाइतकाच स्वतःचा वाटा तो कोठून आणणार, हे प्रश्न अर्देशीरांच्या काळाइतकेच टोकदार आहेत.

२६/
शिवाय तिसऱ्या टप्प्याचे काय? मार्च २०२२ मध्ये संरक्षण संपादन परिषदेने आयडेक्समधून पुढे आलेल्या १४ वस्तूंच्या ३८०.४३ कोटी रुपयांच्या खरेदीची आवश्यकता मान्य केली. मान्यता म्हणजे मागणीपत्र नव्हे. मधे चाचण्या येतात, किमतीची बोलणी येतात, फाइलींचा प्रवास येतो. मोठी कंपनी तीन वर्षे थांबू शकते. वीस माणसांच्या कंपनीला दर महिन्याच्या शेवटी वीस पगार करायचे असतात, आणि आरमाराला पैदाशीवर सोडू नका असे सांगणाऱ्या अमात्यांना ही अडचण चटकन समजली असती.

२७/
२९ ऑक्टोबर २०२४ रोजी दिल्लीतील ‘स्वावलंबन’ परिषदेतून संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी दूरस्थपणे हिरवा झेंडा दाखवला आणि सागर डिफेन्सची ‘मातंगी’ ही स्वयंचलित नौका मुंबईहून तुतीकोरिनच्या दिशेने निघाली. अंतर सुमारे १५०० किलोमीटर. मुंबई बंदर सोडले की डाव्या हाताला खांदेरी, मग कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग. सुकाणूवर कोणी नव्हते.